कार्य आणि ऊर्जा : वर्गात नेमकं कुठून सुरू करावं?

खडूची_पूड

नववीच्या वर्गाला 'कार्य आणि ऊर्जा' शिकवते. गणितांचं काही वाटत नाही मुलांना. बल गुणिले विस्थापन, एमजीएच (उंचीमुळे असलेली स्थितिज ऊर्जा), हाफ एमव्ही स्क्वेअर (वेगामुळे असलेली गतिज ऊर्जा). आकडे घातले, ज्यूल लिहिलं, झालं. पण गणिताच्या चौकटीबाहेरचा एक साधा प्रश्न आला की सगळा डोलारा हलतो. यंदा एका मुलीने फळ्यावरच्या उदाहरणावरच बोट ठेवलं.

१ किलोचं पुस्तक हाताने हळूहळू, एकसारख्या वेगाने १ मीटर वर उचललं. जी (गुरुत्वीय त्वरण) १० धरू. हाताने केलेलं कार्य अधिक १० ज्यूल. गुरुत्वीय बलाने केलेलं कार्य उणे १० ज्यूल. एकूण कार्य शून्य. इथपर्यंत सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग ही म्हणते, "एकूण कार्य शून्य, तर पुस्तकाला १० ज्यूल स्थितिज ऊर्जा आली कुठून?" मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "हाताने दिली की!" त्यावर ती शांतपणे, "आणि गुरुत्वाकर्षणाने लगेच काढून घेतली ना?"

वेळ मारून नेणारी उत्तरं बरीच आहेत, मला ती नकोत. हे मुळापासून कसं मांडता? आणि त्याला लागूनच, आधी कार्य शिकवून त्यातून ऊर्जेवर जायचं की उलट? "ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता" ही व्याख्या पहिल्याच तासाला द्यायची का? शिकवणाऱ्यांनी लिहाच, पण शिकताना जे अडखळले त्यांचंही ऐकायचं आहे.

घर्षणगुणांक

पहिला! :)

मुलगी हुशार आहे. तिला सांगा, हाताचं कार्य ऊर्जेच्या रूपात साठलं. परीक्षेला एवढं पुरतं.

तरफ

घर्षणगुणांक, "साठलं" म्हटलंत तर ती पुढे विचारणारच, कशात साठलं? पुस्तक जमिनीवर ठेवून पाहा आणि फडताळावर ठेवून पाहा. पुस्तकात तसूभरही फरक नाही. ताणलं गेलेलं नाही, तापलेलं नाही, वेगही नाही. बदललंय ते पुस्तक आणि पृथ्वी यांच्यातलं अंतर. म्हणून ती ऊर्जा त्या जोडीची आहे, एकट्या पुस्तकाची नाही. आपण बोलताना सवयीने "पुस्तकाची स्थितिज ऊर्जा" म्हणतो आणि गोंधळाचं बीज तिथेच पडतं.

खडूताई, मी फळ्यावर खडूने एक तुटक रेषेचं वर्तुळ काढायचो. आत कोण, बाहेर कोण, हे ठरल्याशिवाय पुढचं एकही अक्षर लिहायचं नाही. तुमच्याच उदाहरणात दोन वर्तुळं काढता येतात.

पहिलं, आत फक्त पुस्तक. बाहेरून दोघं त्याच्यावर कार्य करतात, हात अधिक १०, पृथ्वी उणे १०. बेरीज शून्य. पुस्तकाची गतिज ऊर्जा बदलली का? नाही, वेग तोच आहे. हिशेब संपला. या हिशेबात स्थितिज ऊर्जा हा शब्द येतच नाही, कारण पृथ्वी वर्तुळाबाहेर आहे.

दुसरं, आत पुस्तक आणि पृथ्वी दोन्ही. आता बाहेर फक्त हात. त्याने अधिक १० आत टाकले. आत गतिज ऊर्जा तेवढीच राहिली, स्थितिज ऊर्जा १० ने वाढली. हाही हिशेब संपला. इथे "गुरुत्वीय बलाचं कार्य" ही ओळ लिहायची नाही, कारण ते बल आता घरातलंच आहे आणि त्याचा जमाखर्च एमजीएचमध्ये आधीच धरलेला आहे.

तुमची विद्यार्थिनी पहिल्या वर्तुळातलं शून्य घेऊन दुसऱ्या वर्तुळातले १० शोधते आहे. गुरुत्वीय बलाचं कार्य आणि एमजीएच ही एकाच गोष्टीची दोन खाती. एका हिशेबात दोघांपैकी एकच येईल, दोन्ही कधीच नाही.

प्रवाही

+१. हे कोणी शाळेत सांगितलं असतं तर अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ऊष्मागतिकी इतकी जड गेली नसती. तिथे पहिल्याच दिवशी "सिस्टिमची सीमा आखा" म्हणतात आणि ती आखायची कशासाठी हे कोणालाच कळत नाही.

घर्षणगुणांक

तरफकाका, हे सगळं बरोबर आहे, वादच नाही. पण चौदा वर्षांच्या मुलाला सिस्टिम, सीमा, आत-बाहेर हे जास्त होतं. मी शिकवणी घेतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुलांना कोसाइन म्हणजे काय तेही नीट माहीत नसतं. त्यांना तीन सूत्रं पक्की करून दिली की गुण मिळतात. सीमा वगैरे पुढे ज्यांना विज्ञान घ्यायचंय ते शिकतील.

तरफ

वर्तुळ काढायला कोसाइन लागत नाही :)

तुमच्या मुलांना हे गणित घाला. टेबलावरचा ठोकळा ५ न्यूटन बलाने ओढत २ मीटर नेला, वेग एकसारखा. ओढणाऱ्याचं कार्य अधिक १०, घर्षणाचं उणे १०, बेरीज शून्य. असंच अनेकदा ओढून झालं की ठोकळ्याचा खालचा पृष्ठभाग हाताला लावून पाहा. कोमट. ठोकळ्याला मिळालेली ऊर्जा शून्य, तर तो तापला कशाने?

घर्षणगुणांक

घर्षणाने.

तरफ

घर्षण तर उणे १० म्हणजे ऊर्जा काढून घेतंय, असं तुम्हीच लिहून दिलंत ना मुलांना?

अर्धा_एमव्हीस्क्वेअर

*पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे*

प्रवाही

मी सांगतो, कारण या प्रश्नावर बरंच डोकं खपवलंय. सरकत्या घर्षणात "बल गुणिले विस्थापन" हे वरवर दिसतं तितकं सरळ नसतं. दोन पृष्ठभाग सूक्ष्म उंचवट्यांवर टेकलेले असतात. ते उंचवटे वाकतात, चिकटतात, सुटतात. त्या टोकांचं विस्थापन आणि अख्ख्या ठोकळ्याचं विस्थापन एकच नसतं. त्यामुळे घर्षणाने ठोकळ्यावर केलेलं खरं कार्य उणे १० पेक्षा आकड्याने कमी भरतं आणि उरलेली ऊर्जा ठोकळ्यातच उष्णता म्हणून राहते. ब्रूस शेरवुड आणि बर्नार्ड या भौतिकशास्त्रज्ञांनी १९८४ साली यावर एक अख्खा लेख लिहिला होता. म्हणजे हा प्रश्न नववीच्या गणितात लपलेला असला तरी उत्तर नववीचं नाही.

पण गंमत बघा, वर्तुळ मोठं करून ठोकळा आणि टेबल दोन्ही आत घेतले की काहीच कठीण उरत नाही. बाहेरून हाताने १० ज्यूल आत टाकले. गती बदलली नाही. म्हणून दोघांची मिळून अंतर्गत ऊर्जा १० ने वाढली. कोणाच्या वाट्याला किती गेली, ते विचारायचंच नाही. चौदा वर्षांच्या मुलाला हे जास्त सोपं आहे की ते उंचवटे?

घर्षणगुणांक

हं. हे मात्र वापरण्यासारखं आहे. तरी माझा मुद्दा वेळेचा आहे, तो राहतोच. आठवड्याला मोजके तास आणि धडा संपवायचा असतो.

लेकीचा_अभ्यास

मी शिक्षिका नाही, नववीतल्या मुलीची आई आहे. तिला कळत नाही आणि मलाही सांगता येत नाही अशी गोष्ट म्हणजे, जड पिशवी हातात धरून एका जागी उभं राहिलं तर कार्य शून्य. मग हात का भरून येतो? ती म्हणते, "विज्ञान म्हणतं मी काहीच केलं नाही, आणि माझा खांदा म्हणतो केलं." टेबलावर पिशवी ठेवली तर टेबल दमत नाही हे पटतं. आपण का दमतो?

अस्थी_मांस

हा माझ्या विषयाच्या जवळचा प्रश्न. स्नायूच्या आत अॅक्टिन आणि मायोसिन असे दोन प्रकारचे तंतू असतात. मायोसिनची टोकं अॅक्टिनला पकडतात, खेचतात, सोडतात, पुन्हा पकडतात. प्रत्येक फेरीला एटीपीचा, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रसायनाचा, एक रेणू खर्च होतो. बाहेरून हात स्थिर दिसला तरी आत ही ओढाताण अखंड चालू असते, कारण प्रत्येक टोक थोडाच वेळ धरून ठेवू शकतं. म्हणजे पिशवीवर कार्य शून्य, हे खरंच. पण शरीराच्या आत रासायनिक ऊर्जा सतत उष्णतेत बदलते आहे. टेबलाच्या लाकडात अशी पकड-सोड नाही. ते एकदाच किंचित दबतं आणि तसंच राहतं.

अवांतर : शिंपल्यातल्या प्राण्याचा स्नायू याला अपवाद आहे. दोन्ही शिंपा मिटून धरताना तो एका प्रकारच्या 'कुलूपबंद' अवस्थेत जातो आणि फार थोड्या ऊर्जेत तासन्‌तास मिटलेला राहतो. निसर्गाने टेबल बनवून पाहिलंय तर!

तुमच्या लेकीला सांगा की खांदाही बरोबर आणि विज्ञानही. तरफकाकांच्या भाषेत, पिशवी आत असलेलं वर्तुळ वेगळं आणि शरीर आत असलेलं वेगळं.

लेकीचा_अभ्यास

हे तिला वाचून दाखवलं. "म्हणजे प्रश्नच अर्धवट विचारतात," असं म्हणून निघून गेली.

शून्य_कार्य

क्रमाबद्दल कोणी बोललं नाही अजून. माझं मत ठाम आहे, ऊर्जा आधी, कार्य नंतर. आणि "कार्य करण्याची क्षमता" ही व्याख्या पहिल्या तासाला तर नाहीच नाही.

एक म्हणजे ती गोल फिरते. ऊर्जा म्हणजे कार्य करण्याची क्षमता, आणि कार्य म्हणजे ऊर्जेची देवाणघेवाण. मूल दोन्ही पाठ करतं आणि हातात काही येत नाही. त्यातून ती पुरती खरीही नाही. सगळीकडे एकाच तापमानाला असलेल्या प्रचंड पाण्यात अफाट अंतर्गत ऊर्जा असते. पण जवळपास त्याहून थंड असं काही नसेल तर त्यातून इंजिन चालवता येत नाही. ऊर्जा आहे, क्षमता नाही.

इतिहासही माझ्या बाजूने आहे. जर्मन विचारवंत लायब्निट्सने १६८६ साली फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तवर टीका केली ती गतिमान वस्तूचा जोर कसा मोजायचा या मुद्द्यावर. १ एकक वजन ४ हात वर न्यायला आणि ४ एकक वजन १ हात वर न्यायला सारखाच जोर लागतो, हे दोघांनाही मान्य होतं. पण ४ हातांवरून पडलेल्याचा वेग १ हातावरून पडलेल्याच्या फक्त दुप्पट असतो, चौपट नव्हे. म्हणजे वस्तुमान गुणिले वेग घेतलं तर दोन बाजू जुळत नाहीत, वेगाचा वर्ग घेतला तर जुळतात. पुढे डच शास्त्रज्ञ ख्राव्हेसांडे याने पितळेचे गोळे मऊ मातीत टाकून खड्डे मोजले आणि फ्रेंच विदुषी एमिली द्यु शातले हिने १७४० सालच्या आपल्या ग्रंथात त्या प्रयोगांचा आधार घेऊन वर्गाची बाजू लढवली. आपण आज ज्याला कार्य म्हणतो त्याला ते नाव आणि 'हाफ एमव्ही स्क्वेअर'मधला तो हाफ मिळाला फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिओलिसकडून, १८२९ मध्ये. जवळजवळ दीडशे वर्षांनी. ज्या क्रमाने माणसांना सुचलं त्या क्रमाने मुलांना पटायला सोपं जातं, एवढंच म्हणतो.

आणि तो मातीचा प्रयोग वर्गात होतो. एका आकाराच्या दोन गोळ्या घ्या, एक पोलादी, एक काचेची. पोलाद काचेच्या साधारण तिप्पट जड. पोलादी गोळी ३० सेंमीवरून ओल्या मातीत टाका. काचेची कितीवरून टाकली तर तेवढाच खड्डा पडेल, हे मुलांना शोधू द्या. ९० सेंमीच्या आसपास येतं. "तिप्पट हलकी, तिप्पट उंच" हे त्यांनी स्वतःच्या तोंडाने म्हटलं की एमजीएच फळ्यावर लिहायला दोन मिनिटं लागतात.

खडूची_पूड

शून्य_कार्य, मातीचा प्रयोग उचलते आहे. खड्ड्याची खोली मोजायची की रुंदी?

शून्य_कार्य

रुंदी सोपी पडते. गोळ्या एकाच व्यासाच्या असल्या की रुंदी सारखी म्हणजे खड्डा सारखा. माती फार सैल नको, नाहीतर दोन्ही गोळ्या पार गडप होतात आणि मोजायला काही उरत नाही. प्रत्येक वेळी माती थापून सपाट करायची.

घर्षणगुणांक

उतरणीवरून गोटी सोडायचा नेहमीचा प्रयोग काय वाईट आहे? पन्हळीसारखी पट्टी, वरून गोटी, खाली वेग मोजा, एमजीएच बरोबर हाफ एमव्ही स्क्वेअर.

अर्धा_एमव्हीस्क्वेअर

तो प्रयोग जुळत नाही, हेच त्याचं सौंदर्य! २० सेंमी उंचीवरून सूत्राने वेग २ मीटर प्रति सेकंद यायला हवा. मोजला तर १.७ च्या आसपास येतो. वहीत सगळे लिहितात, "घर्षणामुळे ऊर्जा वाया गेली." खोटं आहे ते. गोटी न घसरता गडगडत असेल तर घर्षण जवळपास काहीच वाया घालवत नाही. गोटी पुढे जाते आणि स्वतःभोवती फिरतेही. भरीव गोळ्याच्या एकूण गतिज ऊर्जेतला २/७ भाग त्या फिरण्यात जातो, पुढे जाण्यासाठी ५/७ उरतो. ५/७ चं वर्गमूळ साधारण ०.८५. दोनाला ०.८५ ने गुणा. १.७. (पट्टीला खोबण असेल तर गोटी दोन कडांवर टेकते आणि वेग आणखी कमी भरतो.)

जे काही जुळत नाही ते घर्षणाच्या नावावर खपवायचं ही सवय प्रयोगवहीतूनच लागते.

उलटा_लंबक

:D घर्षणगुणांक यांच्या आयडीला हा प्रतिसाद वैयक्तिक वाटू नये.

घर्षणगुणांक

वाटला. :) पण गोटीचं पटलं.

तुकडा_ब

मी बारावीत आहे. इथे मोठी माणसं बोलतायत, तरी विचारतो. गाडीचा वेग वाढतो तो रस्त्याच्या घर्षणाने, बरोबर? कारण बाहेरचं आडवं बल तेवढंच. मग गाडीला गतिज ऊर्जा घर्षणाने दिली का? असं असेल तर पेट्रोल कशाला लागतं? सरांना विचारलं तर "तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही" म्हणाले.

प्रवाही

अभ्यासक्रमात नाही, पण प्रश्न अस्सल आहे. सांगतो.

चाक न घसरता फिरत असताना टायरचा रस्त्याला टेकलेला बिंदू त्या क्षणी स्थिर असतो. रस्ता त्या बिंदूवर पुढे ढकलतो, पण ज्या बिंदूवर बल आहे तो बिंदूच हलत नाही. म्हणून रस्त्याने गाडीवर केलेलं कार्य शून्य. रस्ता संवेग (वस्तुमान गुणिले वेग) देतो, ऊर्जा देत नाही. ऊर्जा पेट्रोलमधून येते, म्हणजे वर्तुळाच्या आतूनच.

आता तुमच्या पुस्तकात कदाचित असं गणित असेल की घर्षण बल गुणिले गाडीने कापलेलं अंतर बरोबर गतिज ऊर्जेतला बदल. आकडा बरोबर येतो! कारण ते न्यूटनच्या दुसऱ्या नियमाचंच दुसरं रूप आहे, वस्तुमानमध्याच्या गतीबद्दलचं. फक्त त्या गुणाकाराला "रस्त्याने दिलेली ऊर्जा" म्हणायचं नाही. शेरवुडने १९८३ मध्ये याला नकली कार्य अशा अर्थाचं नाव देऊन हे दोन हिशेब वेगळे ठेवायला सांगितलं होतं. भिंतीला ढकलून मागे सरकणारा स्केटर, जमिनीवरून उडी मारणारा माणूस, आपलं साधं चालणं, सगळं याच जातीचं. जमीन जागची हलत नाही, ती कार्य करत नाही, ऊर्जा स्नायूंची.

तुकडा_ब

म्हणजे लंबरूप बल (टेकलेला पृष्ठभाग स्वतःला काटकोनात लावतो ते) कधीच कार्य करत नाही, हे बरोबर ना? ते आम्हाला पाठ करायला लावलंय.

प्रवाही

नाही! लिफ्टमध्ये उभे राहा. लिफ्ट वर जाताना तळ तुम्हाला वर ढकलतो आणि तुम्ही वर जाता. पूर्ण कार्य आहे ते. बलाचं नाव बघून कार्य ठरत नसतं. बल लागलेला बिंदू बलाच्या दिशेने किती सरकला, एवढंच बघायचं.

तुकडा_ब

धन्यवाद दादा. उद्या सरांना विचारतो (हळूच).

तरफ

तुकडा_ब, तुला एक घरचा अभ्यास. आगगाडी २० मीटर प्रति सेकंदाने चालली आहे. आत बसून तू २०० ग्रॅमचा चेंडू पुढच्या दिशेने १० मीटर प्रति सेकंदाने फेकलास. गाडीत बसलेल्याच्या दृष्टीने चेंडूला १० ज्यूल मिळाले. बाहेर फलाटावर उभा असलेला म्हणेल, आधी वेग २०, नंतर ३०, म्हणजे ४० ज्यूलचे ९० झाले. ५० मिळाले. तुझ्या दंडाने तर १० च दिले. उरलेले ४० कोणाचे?

तुकडा_ब

इंजिनाचे? फेकताना मी पायाने गाडीला मागे ढकलतो. चेंडूचा संवेग ०.२ गुणिले १० म्हणजे २ ने वाढला, तेवढाच मी गाडीला उलट दिला. वेग २० वरच ठेवायला इंजिनाला तो भरून काढावा लागणार. २ गुणिले २०... ४०!! बरोबर आलं!

तरफ

शाब्बास. आता "चेंडूची गतिज ऊर्जा किती" असं कोणी विचारलं की आधी "कोण बघतंय" ते विचारायचं.

खडूची_पूड

वा, ही गाडी माझ्या वर्गाच्या फार पुढे गेली, पण वाचायला मजा येते आहे.

उलटा_लंबक

ऊर्जेला पैशांची उपमा देणारे बरेच शिक्षक आहेत. मीही देतो, आणि ती चालते त्याहून जास्त अडते. चालते कुठे, तर "खिशातले गेले, बँकेत आले, एकूण तेवढेच" हे सांगायला. अडते कुठे, तर मुलांना वाटतं ऊर्जा ही नोटांसारखी कसली तरी वस्तू आहे, ती एकातून दुसऱ्यात वाहत जाते. वर आगगाडीचं उदाहरण आलंच आहे. बघणारा बदलला की आकडा बदलतो. नोटांचं तसं होत नाही. स्थितिज ऊर्जेचं शून्य कुठेही धरता येतं, ती उणेही निघते. म्हणून उपमा एकदा द्यावी आणि सोडून द्यावी.

त्याऐवजी मला स्तंभालेख जास्त उपयोगी पडले. डावीकडे सुरुवातीचे स्तंभ, गतिज, गुरुत्वीय, स्थितिस्थापक, अंतर्गत. उजवीकडे शेवटचे. मधे तरफकाकांचं वर्तुळ आणि बाहेरून आत येणारा कार्याचा बाण. आकडा एकही नाही. फक्त उंच-बुटके स्तंभ. दोन्ही बाजूंची उंची जुळली पाहिजे, एवढाच नियम. ज्या मुलांना सूत्रांची भीती वाटते ती यात पटकन बोलायला लागतात, आणि ज्यांना सूत्रं पाठ आहेत त्यांची मात्र तारांबळ उडते.

शून्य_कार्य

स्तंभालेखाला माझाही पाठिंबा. त्यात एक प्रश्न जरूर घाला. स्प्रिंगला वजन अडकवून हाताने सावकाश खाली सोडलं. वजन जेवढं खाली आलं त्याची गुरुत्वीय ऊर्जा कमी झाली, पण स्प्रिंगमध्ये त्याच्या नेमकी निम्मीच साठली. उरलेली निम्मी? मुलं पुन्हा घर्षण म्हणतात :) हाताने रोखून धरलं होतं, हाताचं कार्य उणे आहे. हात काढून घेऊन एकदम सोडा, मग वजन दुप्पट खाली जाऊन परत वर येतं.

घर्षणगुणांक

हे सगळं वाचून आज शिकवणीत एक प्रश्न घातला, मुद्दाम नोंदवतो. बर्फासारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर दोन ठोकळे, एक १ किलोचा, एक ४ किलोचा. दोघांना सारख्याच बलाने सारख्याच अंतरापर्यंत ढकललं. शेवटी जास्त गतिज ऊर्जा कोणाची? हुशार मुलांसकट बहुतेकांनी "हलक्याची, कारण वेग जास्त आणि वेगाचा वर्ग असतो" असं लिहिलं. काहींनी "जडाची". बल गुणिले अंतर दोघांचं सारखं आहे, हे फारच थोड्यांना दिसलं. आणि याच मुलांनी कालच्या चाचणीत कार्याची गणितं अचूक सोडवली होती.

प्रवाही

हा प्रश्न नामांकित आहे! अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठात लिलियन मॅकडरमॉट यांच्या गटाने १९८७ साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. कोरड्या बर्फावर तरंगणाऱ्या दोन चकत्या, एक पितळेची, एक प्लॅस्टिकची, आणि ढकलायला व्हॅक्यूम क्लीनरची उलटी फुंकर. महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकणारी मुलंही तिथेच अडली. पुढचा अर्धा प्रश्न विचारलात का, संवेग कोणाचा जास्त?

घर्षणगुणांक

विचारला. तिथे "सारखा" म्हणाले, वस्तुमान जास्त तर वेग कमी, फिटंफाट. खरं तर जड ठोकळ्याला तेवढं अंतर कापायला दुप्पट वेळ लागतो, म्हणून बल दुप्पट वेळ लागतं, म्हणून संवेग दुप्पट. एकाने शेवटी स्वतःच शोधलं, "अंतर सारखं तर ऊर्जा सारखी, वेळ सारखा असता तर संवेग सारखा असता." ते वाक्य मी फळ्यावर तसंच ठेवलं.

वेळेबद्दलचं मत अजून तेच आहे, पण हा तास फुकट गेला नाही.

लेकीचा_अभ्यास

शक्तीबद्दल एक छोटी शंका. वीजबिलातलं युनिट म्हणजे ऊर्जा की शक्ती? मुलगी "किलोवॅट पर तास" म्हणते.

अर्धा_एमव्हीस्क्वेअर

ऊर्जा. किलोवॅट गुणिले तास, भागिले नाही. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. किती आहे हे कळायला, एवढ्या ऊर्जेत १ टन वजन सुमारे ३६७ मीटर वर नेता येईल. आणि तिला जिना चढायला लावा. ५० किलोचं मूल ३ मीटर ५ सेकंदांत चढलं तर १५०० ज्यूल, ३०० वॅट. कॅलरीत मोजलं तर अर्धी किलोकॅलरीसुद्धा नाही. शरीराची कार्यक्षमता पाव धरली तरी दीडच्या आत. मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

खडूची_पूड

सर्वांना धन्यवाद. पुढच्या तुकडीला ऊर्जेपासून सुरुवात करायचं ठरवलं आहे. आधी माती आणि गोळ्या, मग स्तंभालेख आणि वर्तुळ, कार्य त्यानंतर. "क्षमता"वाली व्याख्या शेवटी लिहून देईन, परीक्षेला लागते म्हणून.

अगदी पहिल्या पाच मिनिटांसाठी मात्र काहीतरी डोळ्यांना दिसणारं हवंय, मोजमाप न करता.

उलटा_लंबक

माझ्या आयडीला साजेसं सुचवतो. गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात दिलेला लंबक. दोरीला गोळा बांधा, मागे फळ्यावर खडूने आडवी रेषा आखा, गोळा त्या रेषेपर्यंत नेऊन सोडा. पलीकडे जवळपास त्याच रेषेपर्यंत चढतो. आता दोरीच्या वाटेत एक खिळा ठोका, म्हणजे अर्ध्या वाटेत दोरी अडेल आणि गोळा आखूड वर्तुळात वळेल. सोडण्याआधी विचारा, आता कुठवर चढेल? "कमी," "जास्त," वर्गाचे दोन तट पडतात. गोळा पुन्हा त्याच रेषेला.

एक पथ्य पाळा. खिळा त्या रेषेच्या वरच्या बाजूला असू द्या. रेषेखाली घेतलात तर गोळा एकतर खिळ्याभोवती गुंडाळला जातो नाहीतर मधेच दोरी सैल पडते आणि तो रेषेपर्यंत पोचत नाही.

तुकडा_ब

दोरी सैल पडते तेव्हा ऊर्जा कुठे जाते मग?

उलटा_लंबक

कुठेच नाही. त्या क्षणी गोळ्याला आडवा वेग शिल्लक असतो, सगळी ऊर्जा उंचीत आलेलीच नसते. आता तूच काढ, दोरी आडवी धरून गोळा सोडला तर खिळा किती खाली असावा म्हणजे गोळा सैल न पडता पूर्ण फेरी मारेल?

तुकडा_ब

दोरीच्या लांबीच्या ०.६ पट किंवा त्याहून खाली. माथ्यावर दोरीचा ताण शून्य धरून काढलं.

तरफ

बरोबर. खडूताई, दोरी थोडी लांबच घ्या, आणि पुढच्या बाकावरच्यांना दोन पावलं मागे सरकवा.